अर्थिंग

मामंजींचा अँप्लिफायर देव्हाऱ्याशेजारी असतो.
वर क्रोशाचा रुमाल, रुमालावर चष्म्याचं घर.
त्याला हात लावायचा नाही
हे लग्नानंतर तिसऱ्या दिवशी कळलं मला.
मीठ कुठं ठेवतात ते नंतर.

उद्यमनगरात, फाउंड्रीत, ते पॅटर्नमेकर होते.
पंपाचं पोट, चाकाचे दात, सगळं आधी लाकडात.
लोखंडाला आकार आला
की लाकडाचं नाव कुणी काढत नाही, म्हणतात.
उरल्यासुरल्या सागवानातून
त्यांनी स्पीकरचे दोन खोके केले.
खिळा एकही नाही, नुसते सांधे.

एकोणीसच्या पुरात शुक्रवार पेठेत पाणी शिरलं.
उजवा खोका ट्रंकेवर होता, वाचला.
डावा पाणी पिऊन फुगला
आणि गप्प झाला.
त्यानंतर घरात गाणं नाही.
फक्त शनिवारी संध्याकाळी
रुमाल झटकून पुन्हा घातला जायचा.

माझा प्लेअर काडेपेटीएवढा.
कानात बोंडं घालून चपात्या लाटते
म्हणून हाक ऐकू येत नाही, ही तक्रार जुनीच.
एकदा जेवता जेवता म्हणाले, काय काय हाय त्यात?
मी एक बोंड पुढं केलं.
त्यांनी कानाजवळ धरलं, घातलं नाही.
"डब्यात मुंगी गायल्यागत वाटतंय," म्हणाले,
आणि ताकाची वाटी संपवून,
"ह्याला भाईर काढता येतंय काय?"

लक्ष्मीपुरीत मुजावरांच्या दुकानात
आता त्यांची रेश्मा बसते.
तिनं वायर दिली : एका टोकाला एक पिन,
दुसऱ्या टोकाला दोन, लाल आणि पांढरी.
"मी सांगतो की वैनी, लाल म्हंजे उजवा.
उलटं लागलं तरी मरत न्हाई कोण."
मी संगमनेरची. इथल्या पोरी 'मी सांगतो' म्हणतात
ते मला अजून खिडकी उघडल्यासारखं वाटतं.

रुमाल मामंजींनीच काढला.
आधी आली भुणभुण, जाड, गांधीलमाशीची.
तिच्या मागून गाणं.
ते मान खाली घालून ऐकत होते.
पहिलं कडवं संपलं तशी मान वर आली.
"पेटी कुठं गेली?"
गाणारी होती, तबला होता, पेटीच्या जागी
नुसती भुणभुण आणि रस्त्यावरची रिक्षा.
पेटीवाला डावीकडं बसला होता,
फुगलेल्या खोक्यात.

पुन्हा लक्ष्मीपुरी. रेश्मानं वायर सोलली,
बारीक दोन रेझिस्टन्स घातले, झाळ मारली.
धुरातूनच म्हणाली,
"आता समदी एकाच दारातनं येत्यात."
आणि आली पेटी. उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखी,
चपला बाहेर काढून.

भुणभुण मात्र हटेना.
मामंजींनी सहज पत्र्यावर तळवा ठेवला
आणि ती थांबली.
उचलला, आली. ठेवला, गेली.
चार वेळा करून पाहिलं, लहान पोरासारखं,
मग हात तसाच ठेवून पूर्ण गाणं ऐकलं.
मी फोन लावला. रेश्मा ओरडली,
"घराला अर्थिंग न्हाई वैनी! हात काढा म्हणावं!"

रविवारी ह्यांनी माणूस आणला.
मोरीमागं खड्डा, त्यात पाईप, कोळसा, मीठ.
मीठ कमी पडलं. मी डबा नेऊन दिला,
सगळा ओतला.

आता भुणभुण नाही.
तळवा मात्र अजून पत्र्यावर असतो,
आणि मी काही बोलत नाही.

काल त्यांनी डावा खोका अंगणात नेला.
पटाशीनं सांधे सोडवले, एकेक,
फळ्या उन्हात टेकवून ठेवल्या.
काय करणार ह्याचं, मी विचारलं.
"बघू," म्हणाले. "आधी वाळू दे."